पत्रिका कोणाची

१

पत्रिका पाहायला घेण्याआधी मी सात प्रश्न विचारते. वय काय, काम काय करता, घरात कोण कोण आहे, तब्येतीची काही तक्रार, गेल्या वर्षभरात काय बदललं, आज इथे का आलात आणि शेवटचा, माझं उत्तर ऐकून काय करणार आहात. काही जणांना राग येतो. एक मुख्याध्यापिका एकदा तोंडावरच म्हणाल्या की सगळं आम्हीच सांगायचं तर तुम्ही काय करणार. मी त्यांना विचारलं, डॉक्टरकडे गेल्यावर कुठे दुखतंय ते सांगता ना? त्यांनी उत्तरं दिली, पण त्या पुन्हा आल्या नाहीत.

खरी गोष्ट अशी की पत्रिकेला माहीतच नसतं ती कोणाची आहे. बारावं स्थान घ्या. त्यात परदेश येतो, तुरुंग येतो, दवाखाना येतो आणि झोपायचा पलंगही येतो. तिथे बसलेला तोच ग्रह खलाशाला समुद्रापार नेईल, थकलेल्या म्हाताऱ्याला दवाखान्यात नेईल आणि नुकतं लग्न झालेल्या मुलीला काय देईल ते सांगताना मी नुसती हसते. समोरच्या माणसाने सांगितल्याशिवाय यातलं काहीही कळत नाही. लोकांना वाटतं मी आकाश वाचते. मी माणूस वाचते आणि आकाशाशी ताडून पाहते, इतकंच.

माझी बसायची खोली चष्म्याच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. टेबल, दोन खुर्च्या, रस्त्याकडे एक खिडकी. माझ्या पाठीमागे एक लहान खोली, खिडकी नसलेली. तिच्यात तीस वर्षांची जुनी पंचांगं आणि कागदांचे गठ्ठे. बाहेरच्या पॅसेजमध्ये एक बाकडं, आणि बाकड्याच्या टोकाला हे. माझे यजमान. निवृत्त झाल्यापासून नंबर देण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं. शब्दकोडं सोडवत बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला टोपणनाव देतात. रडणाऱ्या बाईंना ते गळका नळ म्हणतात. एकच प्रश्न चार प्रकारे विचारणाऱ्या सोनाराचं नाव चौकोन. दुपारी तीनला उघडायचं, उजेड असतानाच सातच्या आत बंद करून दोघांनी चालत घरी जायचं. एकतीस वर्षांच्या संसारात इतकं निवांत आम्हाला कधी मिळालं नव्हतं.

२

त्या गुरुवारी यांनी दारातून मान आत घातली आणि हळूच म्हणाले, "रकानेवाले आलेत." आत आलेला गृहस्थ खरोखर तसाच होता. राखाडी शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत लांबट वही. एखाद्या कचेरीतून काहीतरी मोजून जायला आल्यासारखा.

मी जन्मतारीख विचारली. त्याने त्याच दिवसाची सांगितली. वेळ विचारली, तर चार वाजून पंचवीस मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

असं अधूनमधून होतं. ऑपरेशनची वेळ ठरवून बाळंतपण करतात, त्यासाठी लोक मुहूर्त काढायला येतात. मी विचारलं, कोणत्या दवाखान्यात? तो म्हणाला, दवाखाना नाही, जन्म याच खोलीत. आवाजात थट्टा नव्हती. मी सात प्रश्न सुरू केले. प्रत्येकाला त्याने एकच उत्तर दिलं. तो रकाना रिकामा आहे. शेवटी मी विचारलं की निदान माणूस आहे, जनावर आहे, की एखादं दुकान आहे?

"ते तुम्ही सांगायचं," तो म्हणाला. "नोंद होते आहे. बाकीचं भरायचं आहे."

त्याला तिथेच उठवायला हवं होतं. पण परीक्षा घ्यायला येणारे वर्षात दोन-तीन भेटतात, आणि मी हटवादी आहे. मी पंचांग ओढलं, गणित केलं, कुंडली मांडली. म्हटलं, समजा माणूस आहे असं धरू. मग बाई असावी. लहानपणापासून आकडेमोडीत रमणारी. वडिलांकडून विद्या मिळालेली. मूल नाही. डाव्या गुडघ्याचं दुखणं. मी बोलत गेले आणि तो वहीत उतरवत गेला. खोडाखोड नाही, प्रश्न नाही.

चार पंचविसाला माझ्या पाठीमागच्या खोलीतून आवाज आला. खोल पाण्यातून वर आलेल्या माणसाने घ्यावा तसा एक लांब श्वास. एकच.

त्याने वही मिटली, आभार मानले आणि पुढच्या गुरुवारी येतो म्हणून गेला.

३

खालच्या दुकानात काचा घासायचं यंत्र आहे. त्याचे आवाज भिंतीतून वर येतात, कधी घरघर, कधी सुस्कारा. मी स्वतःला तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना चष्मेवाल्यांना सहज विचारलं, यंत्र नवीन घेतलंत का? ते म्हणाले, नवीन कुठलं, जुनंच बंद पडलंय, सोमवारपासून दुरुस्तीला गेलंय.

मग पाण्याचा पाइप असेल. वारा असेल. खिडकी नसलेल्या खोलीत वारा कुठून येणार, हे मी स्वतःला विचारलं नाही.

त्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. लहान खोलीत एक जुनं पंचांग शोधायला गेले, तर कोपऱ्यातला गठ्ठा मधोमध दबलेला दिसला, बराच वेळ कोणी बसून उठल्यासारखा. मी हात ठेवला. कागद कोमट होता. दुसरी गोष्ट मंगळवारची. सोनार गेल्यावर हे आत आले आणि सहज म्हणाले की चौकोन केव्हाच गेला, मग आत कोणाशी बोलत होतीस? मी म्हटलं, कोणाशीच नाही, मी कुंडली मांडत होते. ते म्हणाले, दोन आवाज येत होते.

"कोणाचे?"

"तुझेच," ते म्हणाले. "दोन्ही तुझेच. मला वाटलं मोबाइलवर स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकते आहेस." आणि शब्दकोड्यातला चार अक्षरी शब्द विचारू लागले.

४

दुसऱ्या गुरुवारी मी ठरवलं होतं की काही सांगायचं नाही. रकानेवाला बसला आणि म्हणाला की गेल्या वेळचं सगळं बरोबर निघालं. कसं कळलं, मी विचारलं. तो माझ्या खांद्यावरून मागे पाहून म्हणाला, दिसतंच आहे.

मला मान वळवता आली नाही. भीतीने म्हणावं, तर तोपर्यंत मी घाबरलेही नव्हते. मागे पाहिलं तर मागे पाहण्यासारखं काही आहे हे कबूल केल्यासारखं होईल, असं काहीसं वाटलं.

त्याने सातवं स्थान विचारलं. जोडीदाराचं. मी पंचांग मिटलं. तो पेन उघडून बसून राहिला, त्याला कसलीच घाई नव्हती. बाहेर बाकडं करकरलं. हे कोणाला तरी दहा मिनिटं थांबायला सांगत होते, त्यांच्या त्या समजुतीच्या सुरात. आणि मी कुंडलीतलं सातवं घर पाहत असताना माझ्या तोंडून निघून गेलं की नवरा शांत आहे, थट्टेखोर आहे, वयाने सहा वर्षांनी मोठा, तिच्यावर जीव आहे त्याचा.

मी ठरवून बोलले नव्हते. कुंडलीत तसं होतं का? होतं. पण दुसरंही दहा प्रकारचं होतं.

तो गेल्यावर मी कागद घेतला आणि दोन्ही गुरुवारी जे जे बोलले ते एकाखाली एक लिहिलं. आकडेमोड. वडिलांची विद्या. मूल नाही. डावा गुडघा. शांत, थट्टेखोर नवरा. लिहून झाल्यावर वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

वडील शिकवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. समोरच्याची हकीकत न विचारता पत्रिका सांगू नकोस, कारण रिकामी जागा रिकामी राहत नाही. त्याची हकीकत नसली की तू स्वतःची भरशील, आणि तुला पत्ताही लागणार नाही. मी ते शिस्तीचा धडा समजत होते. ती ताकीद आहे असं तोवर कधी वाटलं नव्हतं.

५

काही दिवस बंद ठेवू या, असं मी घरी म्हटलं. यांनी कारण विचारलं. काय सांगणार? माझ्या कागदांच्या खोलीत कोणीतरी मोठं होत आहे म्हणून? मी गुडघ्याचं कारण पुढे केलं. ते म्हणाले की अगं, कालच तर म्हणालीस, कितीतरी हलका झालाय. मी तसं म्हटलं नव्हतं. पण चालून पाहिलं, तर गुडघा खरोखरच दुखत नव्हता. बारा वर्षांचं दुखणं, आणि ते गेल्याचं मला दुसऱ्याकडून कळत होतं.

शेवटी निम्मंच मागितलं. खोली उघडी ठेवू, पण रकानेवाल्याला नंबर द्यायचा नाही. ते लगेच हो म्हणाले. असल्या बाबतीत ते माझ्या शब्दाबाहेर जात नाहीत.

गुरुवारी सव्वाचारला दार उघडलं आणि तो आत येऊन बसला. मी उठून पॅसेजमध्ये गेले आणि यांना जरा चढ्या आवाजातच विचारलं की नको म्हटलं होतं ना? ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले.

"अगं, तूच तर आत्ता आतून म्हणालीस," ते म्हणाले. "येऊ दे त्यांना, एकच घर राहिलंय."

मी तिथेच यांचा हात धरून जिना उतरायला हवा होता. अजून रोज हेच मनात येतं. पण बाकड्यावर तीन माणसं बसली होती, तिघंही माझ्याकडे पाहत होती, आणि यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी दिसायला लागली होती. मला वाटलं, आत जाऊन हे एकदाचं संपवून टाकावं.

६

बारावं स्थान राहिलं होतं.

मी टेबलाशी बसले आणि पहिल्यांदा डोकं लावून विचार केला. इतके दिवस नकळत बोलत होते, आता जाणूनबुजून बोलायचं. जे सांगेन ते होतं आहे, तर मग निवड माझ्या हातात आहे. तुरुंग म्हटलं तर ते इथेच, मागच्या खोलीत, कायमचं राहील. दवाखाना म्हटलं तर आजारपण कोणाचं येईल याचा भरवसा नाही. पलंगाचा विचार मी मनातसुद्धा पुरा केला नाही. चौथा अर्थ उरत होता.

"परदेश," मी म्हटलं. "इथून निघून जाईल. परत येणार नाही."

त्याने लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "परदेश म्हणजे कुठून कुठे?"

मला वाटलं, हा उगाच वेळ काढतो आहे. मी म्हटलं की जन्मली त्या जागेपासून दूर, आणखी कुठे?

"म्हणजे या खोलीबाहेर," तो म्हणाला आणि तेही लिहून घेतलं. पानं उलटून शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत एकदा पाहिलं. मग उभा राहिला आणि पहिल्यांदाच थोडा हसला, काम उरकलेल्या माणसासारखा. "पुष्कळ सहकार्य केलंत. सगळे रकाने भरले."

मी काय बोलून बसले ते तो दाराबाहेर पडेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

७

मागचं दार उघडलं. त्याच्या बिजागरीचा आवाज मला पाठ आहे. पावलं माझ्या खुर्चीमागून गेली, उजवं पाऊल आधी, डावं त्याच्या मागून ओढत, गुडघा सांभाळून. माझ्या केसांच्या तेलाचा वास आला, पण तो माझ्याकडून येत नव्हता. मी टेबलाची कड धरून समोरच्या खिडकीकडे पाहत बसले. मला उठता येत नव्हतं असं नाही. उठायचं हे सुचतच नव्हतं.

पॅसेजमध्ये यांचा आवाज आला. आज लवकर आटोपलंस. बाकड्यावरच्या लोकांना उद्या यायला सांगितलं. मग कुलूप लागल्याचा आवाज.

तेव्हा कुठे मला उठायचं सुचलं. मी दार बडवलं, हाका मारल्या. जिन्यावर दोन माणसांची पावलं उतरत गेली. मी खिडकीकडे धावले. खाली रस्त्यावर अजून चांगलं ऊन होतं. यांचं टक्कल दिसलं, आणि शेजारी पाठमोरी एक बाई, माझा राखाडी स्वेटर घातलेली. मी स्वतःकडे पाहिलं. माझ्या अंगावरही तोच स्वेटर होता. कोपऱ्यावर यांनी रस्ता ओलांडताना तिचा दंड धरला, नेहमीसारखा, आणि काहीतरी विनोद केला असावा, कारण तिने मान मागे टाकली. तिचा चेहरा क्षणभर वर, माझ्या खिडकीकडे झाला. मला तो नीट दिसला नाही. फक्त एवढं दिसलं की तो अजून पुरता झालेला नव्हता. आणि माझ्या नवऱ्याला त्यात काहीच कमी दिसत नव्हतं.

अर्ध्या तासाने माझा आरडाओरडा ऐकून चष्मेवाले त्यांच्याकडची किल्ली घेऊन वर आले. वीस वर्षांची ओळख. माझे चार चष्मे त्यांनी केलेत. दार उघडून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नरमाईने विचारलं, बाई, आत कशा अडकलात? ताई तर मघाशीच गेल्या, तुमचा नंबर राहिला होता का?

८

घर दहा मिनिटांवर आहे. मी पाच मिनिटांत पोचले. घंटा वाजवली. यांनी दार उघडलं, हातात टॉवेल, चेहरा नुकताच धुतलेला. त्यांनी मला पाहिलं आणि हसले. पॅसेजमध्ये ते अनोळखी माणसांकडे पाहून हसतात, तसं.

"कोण हवंय आपल्याला?"

आपल्याला. एकतीस वर्षं मी 'तू' होते.

मी म्हटलं, अहो, मी आहे. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग म्हणाले की पत्रिका दाखवायची असेल तर उद्या तीननंतर या, घरी ती कोणाला भेटत नाही, तिचा गुडघाही दुखतो आहे. मी दाराला हात लावून उभी राहिले. मला वाटलं, आमच्या दोघांतलंच काही सांगितलं की ओळखतील. मी त्यांना आमचं पहिलं घर सांगितलं. छत गळायचं म्हणून आम्ही टेबलाखाली गादी घालून झोपायचो, आणि त्या टेबलाच्या खालच्या बाजूला त्यांनी खडूने नक्षत्रं काढली होती, एकूण एक चुकीची, मला चिडवायला.

त्यांचा चेहरा उजळला. माझा जीव भांड्यात पडला.

"ही गोष्ट पण सांगते का ती सगळ्यांना?" ते म्हणाले. "कमाल आहे तिची."

तेव्हा मला कळलं की मी कशात सापडले आहे. मी जे खरं सांगेन, त्याचा अर्थ ठरून गेला होता. मी तिच्याकडे येणारी एक बाई होते आणि माझं सगळं तिने मला सांगितलेलं होतं. तरी मी थांबले नाही. बुडणारा माणूस हात मारायचे थांबवत नाही. मी त्यांच्या डाव्या खांद्यामागची भाजल्याची खूण सांगितली. शर्ट घातलेल्या माणसाची ती खूण दुसऱ्या कोणाला दिसायचं कारण नव्हतं. ती आईच्या हातून कशी झाली, आणि ते कोणालाच का सांगत नाहीत, तेही सांगितलं.

त्यांचं हसू गेलं. ते एक पाऊल मागे सरले आणि दार थोडं ओढून घेतलं. एकतीस वर्षांत त्यांनी मला रागावून पाहिलं होतं, कंटाळून पाहिलं होतं. घाबरून कधी पाहिलं नव्हतं.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नाहीये. घरचं कोणी आहे का तुमचं? कोणाला बोलावू?"

त्यांनी माझ्यावरची नजर न काढता मान जरा आत वळवली आणि हाक मारली, रोज मारतात तशी, "अगं."

मी 'ओ' म्हणाले.

आतूनही 'ओ' आली, स्वयंपाकघरातून, पाण्याचा नळ बंद करत. हे त्या आवाजाकडे वळले. त्यांचे खांदे सैल झाले, आणि त्यांनी दार लावून घेतलं.